कुंपणाआतले पाहुणे

कोकजारच्या तांत्रिक संस्थेत उमसुनाईचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी घेतलं जाई. एरवी ती 'थांबा एजे'. एजे, कारण वयाने सगळ्यांची थोरली बहीण शोभेल अशी. आणि थांबा, कारण दिवसभर तिच्या तोंडून दुसरा शब्द फारसा निघत नसे. पोरं तासाला उशीर झाला म्हणून बांधकामाच्या कुंपणातून घुसायला लागली, की कुठून तरी आकाशवाणी व्हायची, "थांबा!" गवंडी दोरी न बांधता परांचीवर चढला, "थांबा!" एकदा रेक्टरसाहेब राजधानीच्या पाहुण्यांना घेऊन ओल्या स्लॅबखालून निघाले, तर त्यांनाही "थांबा!" आणि वर पाहुण्यांच्या देखत, "साहेब, पाहुण्यांना मारायचंच असेल तर आधी जेवू तरी द्या. पलाव शिजतोय." साहेब हसले. चारचौघांत दुसरं काय करणार? पण वळसा घालून गेले.

तिचं आयुष्य तसं सरळच गेलं होतं, म्हणजे उतारावरून सरळ. गावाबाहेर कापसाची मोठी जिनिंग होती तेव्हा उमसुनाई तिथल्या सुरक्षा खात्यात होती. बायकांच्या डोक्याच्या रुमालांची टोकं यंत्रांच्या पट्ट्यांत अडकू नयेत हे बघायचं, हे तिचं काम. पुढे मोठा देश मोडला, जिनिंग बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. जिथे इजा करायलाच काही उरलं नाही तिथे सुरक्षा कशाची करणार? नवरा छातीच्या दुखण्याने गेला. पदरात एक मुलगी, नाझीक. मग ती संस्थेच्या कोठारात झाडू आणि बादल्या सांभाळायला लागली, आणि तशीच सांभाळत म्हातारीही झाली असती. पण एका उन्हाळ्यात व्यायामशाळेच्या छपरावरून एक पत्रेवाला खाली आला.

त्याच्या घरी सांगायला उमसुनाईला पाठवलं. बाईने बाईला सांगितलेलं बरं, असं रेक्टरसाहेब म्हणाले. आमच्याकडे मरणाची बातमी आडवळणाने सांगतात. चार वडीलधारे जातात, घोड्याबिड्याच्या गोष्टी काढतात, आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळू देतात. उमसुनाई एकटी गेली. पत्रेवाल्याची बायको शेवयांसाठी पोळी लाटत होती. उमसुनाईने हवापाणी काढलं, जिनिंगचे दिवस काढले, पण गाडी काही त्या वळणावर येईना. शेवटी ती बाईच म्हणाली, "बसा हो एजे, हे येतीलच आता, जेवूनच जा." आणि उमसुनाईने सरळ सांगून टाकलं. लाटणं खाली पडलं नाही की काही नाही. बाई नुसती लाटत राहिली, पोळी फाटली तरी लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी उमसुनाईने संस्थेची सुरक्षेची जागा मागून घेतली. जागा रिकामीच होती. ती भरायची असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तिने मनाशी एकच धरलं होतं, या आवारात कामाला आलेला माणूस आपल्या पायांनी घरी जाईल. बाकी इमारती उभ्या राहोत न राहोत.

नवं होस्टेल बांधायचं ठरलं तेव्हा तिला सोन्याचा दिवस आला. पैसा परदेशी होता, आणि परदेशी पैशाला सुरक्षेच्या नियोजनाची आवड असते. ठेकेदार ठरायच्या आधीच उमसुनाई आवारात रोज फिरली. पोरं जुन्या होस्टेलातून खानावळीत कुठून जातात, मालाच्या गाड्या कोणत्या वेळी आत घ्यायच्या, कुंपण कुठे, फाटक कुठे, साइटवर येणाऱ्या माणसाला आधी काय काय समजावून सांगायचं, चर खणला की त्याच्या भिंतींना फळ्या आणि टेकू कधी लावायचे. हे सगळं पहिल्यांदाच करारात गेलं. त्यात एक वाक्य तिचं फार लाडकं होतं: ज्याला धोके समजावून सांगितलेले नाहीत, असा कोणीही माणूस कुंपणाच्या आत पाऊल टाकणार नाही. येता-जाता ती ते म्हणून दाखवायची. एखादीला नातवाचं कौतुक असतं, तसं.

काम मिळालं नूरगाझीला. माणूस रगेल, हसरा, कमरेला नेहमी दोन फोन. आणि इथेच नशिबाने पाय आडवा घातला. प्रेमात पडायला नाझीकला अख्खं गाव मोकळं होतं. पण पोरगी आईला डबा द्यायला साइटवर यायची, नूरगाझीचा मुलगा फाटकाशी गाड्या मोजत उभा असायचा, आणि हिवाळा संपायच्या आत नूरगाझी उमसुनाईचा व्याही झाला.

व्याही म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. घरात पाऊल टाकताच त्याला दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा. मेंढराचा मोठा तुकडा त्याच्या ताटात. त्याच्या शब्दाला उलट शब्द नाही. रेक्टरला ओल्या स्लॅबखालून हुसकणारी उमसुनाई व्याह्यासमोर चहाचा प्याला दोन्ही हातांनी पुढे करायची. कामगार गालातल्या गालात हसायचे. "थांबा एजेला थांबवणारा सापडला," म्हणायचे.

नवरोजच्या सुट्टीआधी नूरगाझीच्या पोकलेनने गरम पाण्याच्या नळासाठी चर खणला, दोन पुरुष खोल, जुनं होस्टेल आणि खानावळ यांच्या मधून. पत्र्याचं कुंपण त्याला चिकटूनच, आणि कुंपणाला चिकटून पोरांची पायवाट. आमची माती पिवळी, पिठासारखी. कोरडी असली की कापलेल्या पनीरसारखी ताठ उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं हिला टेकू कशाला? आणि बर्फ वितळून ओल आत शिरली, की उभ्या उभ्या बसते.

उमसुनाई चराच्या काठावर आली तेव्हा भिंती उघड्याच होत्या. पलीकडे नूरगाझी एका फोनवर बोलत होता आणि दुसऱ्यावर बोट फिरवत होता.

"व्याहीबुवा, फळ्या?"

"येतायत, विहीणबाई. घाटात बर्फाने ट्रक अडकलाय. पुढच्या आठवड्यात बघा, फळ्याच फळ्या."

"आणि माणसं?"

नूरगाझीने कपाळाला हात लावला. "माणसं म्हणाली नवरोजला घरी जाऊन येतो. घरी कसले, रशियाच्या विमानात बसले सगळे! सणाची सुमोलोकची खीर चाटायला पण थांबले नाहीत. राहिले दोन पहारेकरी आणि एक कुत्रा. कुत्रा तेवढा इमानदार."

"सोमवारी पोरं परत येतायत."

"मग? तुमचं कुंपण आहे की. एवढं भांडून बांधून घेतलंत."

"कुंपण माती धरत नाही, व्याहीबुवा."

उमसुनाईच्या पिशवीत काम बंदचा कागद होता, नुसती सही करायची बाकी. तिने तो दिला असता तर परदेशी मंडळींना कळलं असतं, वाट बंद झाली असती, नूरगाझीला झक मारत चर बुजवावा तरी लागला असता नाहीतर फळ्या खांद्यावर आणाव्या लागल्या असत्या. तिचा हात पिशवीत गेला. नूरगाझीने तो जाताना पाहिला.

"लिहा ना," तो म्हणाला. हसूनच म्हणाला. "अधिकार आहे तुमचा. आपलं नातं वेगळं, काम वेगळं."

पिशवीतून रुमाल निघाला. तिने नाक पुसलं.

संध्याकाळी नाझीकचा फोन आला. "आई, सासरे जेवले नाहीत."

"काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत. तेच तर! सासूबाई पण गप्प. आई, काही झालं का ग तिकडे?"

"काय होणार आहे? काही नाही झालं," उमसुनाई म्हणाली. "त्यांना गरम चहा दे, साय घालून."

फोन ठेवून ती अंगणात आली. भिंतीपलीकडे जोलचू रंधा मारत होता. जोलचू गल्लीचा सुतार. तिच्या नवऱ्याचा धाकट्या भावासारखा दोस्त, त्यामुळे ती त्याची वहिनी, आणि वहिनीची चेष्टा करायचा त्याला जन्मसिद्ध परवाना. गल्लीतल्या प्रत्येक घराचं निदान एक दार तरी त्याने बसवलेलं होतं, आणि त्यातलं निदान एक तरी नीट लागत नव्हतं.

"काय वहिनी, आज चेहरा असा? कुणी तुम्हालाच 'थांबा' म्हणालं की काय?"

तिने सगळं सांगितलं. जोलचूने रंधा खाली ठेवला.

"एवढंच? अहो, जिनिंगच्या तळघरातल्या फळ्या माझ्याकडे पडल्यात की मागच्या शेडमध्ये. हत्ती उभा केलात तरी वाकणार नाहीत. आशर घालू. रविवारी सकाळी लागू, जेवणापर्यंत मोकळे."

आशर म्हणजे गल्लीची इरजीक. कुणाचं घर, कुणाची भिंत, कुणाचा पाट; अख्खी गल्ली येते, घाम गाळते, मजुरी नाही, फक्त जेवण आणि शेवटी दुवा. आमच्याकडची निम्मी घरं अशीच उभी राहिलीत, आणि म्हणून थोडी वाकडी आहेत. उमसुनाईला ते सुचलंच नव्हतं. सुचल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की तिला ते लाडकं वाक्य आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने स्वतःला समजावलं, नियम आपणच लिहिला, काठावर आपणच उभं राहू, प्रत्येकाला आपणच समजावून सांगू. व्याही दुखावला नाही, पोरगी रडली नाही, माती धरली गेली. आणखी काय पाहिजे?

"सहाच माणसं," ती म्हणाली. "माझ्याकडे हेल्मेटं सहा आहेत."

"सहा? वहिनी, आशरला सहा बोलवायची म्हणजे बाकीच्यांना शिव्या दिल्यासारखं झालं!"

"जोलचू, हे घर नाही, साइट आहे. सहा."

"बरं बाई, सहा," जोलचू म्हणाला, आणि भिंतीवरून पलीकडच्या शेजाऱ्याला लगेच हाक मारली, "अरे ए! वहिनीकडे आशर आहे रविवारी!"

रविवारी सकाळी अख्खी गल्ली आली. आशरला घरी राहतो तो एकतर आजारी असतो नाहीतर भांडलेला, आणि आपण या दोन्हींत मोडत नाही हे दाखवायला आजारी आणि भांडलेले सगळ्यात आधी आले. बायका कढई आणि गालिचे घेऊन आल्या. कुणी सरपण आणलं, कुणी नुसताच सल्ला. एकाने फळ्यांचा ढीग ट्रॅक्टरवर आणला, आणि ट्रॅक्टर मोठ्या अभिमानाने थेट चराशी आणायला लागला.

"थांबा!" उमसुनाई ओरडली. ट्रॅक्टर थांबला. "मागे! तिकडे, भिंतीपाशी लाव!"

"एजे, फळ्या हातांनी वाहायच्या का एवढ्या लांबून?"

"हातांनीच. जेवायला येतोस ना? मग."

सगळे हसले, आणि फळ्या हातांनी वाहिल्या गेल्या. तिने माणसं काठापासून दूर उभी केली. खाली उतरणाऱ्यांना शिडी दाखवली, टेकू कुठून सुरू करायचा ते सांगितलं, फळी बसल्याशिवाय पुढे सरकायचं नाही ते सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या, जशा आपण घरच्या यजमानिणीपुढे डोलावतो. तेच तर होतं. ठेकेदाराच्या माणसाला हाकलता येतं, दंड करता येतो. आशरला आलेला माणूस कुणाचाच नोकर नसतो. तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याला 'आतून बाहेर हो' कसं म्हणणार?

जोलचूच्या डोक्यावर त्याची पांढरी, उंच, लोकरीच्या नमद्याची टोपी होती. उमसुनाईने हेल्मेट पुढे केलं.

"याच्यावरून घालू?" त्याने हेल्मेट टोपीच्या शेंड्यावर ठेवून दाखवलं. बायका खिदळल्या. "बघा, मशिदीचा घुमट!"

"जोलचू."

"बरं, बरं." टोपी जमिनीवर ठेवायची नसते, कुणाच्या हातात द्यायचीही नसते. त्याने ती झटकली, कुंपणाच्या एका खिळ्याला नीट अडकवली आणि हेल्मेट घातलं. "आता खूश? काम्काने बघितलं तर म्हणेल, माझा नवरा कुठे गेला, हा पाइपवाला कोण." काम्का त्याची बायको, ती घरीच होती, सगळ्यांसाठी बोर्सोक, म्हणजे कणकेच्या छोट्या पुऱ्या, तळत.

काम झकास झालं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण झकासच झालं. लांबच्या टोकापासून एकेक फळी बसत गेली, एकेक टेकू ठोकला गेला. जोलचू खालून ओरडायचा, वरून त्याला दुप्पट ऐकवलं जायचं. उमसुनाई कडेकडेने फिरत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे संस्थेत कुणी पाहिलं नव्हतं. ती गुणगुणत होती म्हणे. जेवणाच्या सुमाराला शेवटचा तुकडा उरला, खानावळीच्या बाजूचा, जिथे उन्हं येत होती आणि छपरावरचं बर्फ वितळून ठिबकत होतं. तिथे जोलचू आणि आणखी दोघं खाली होते.

पलाव तयार झाला. कढईवरचं झाकण उघडलं, वास सगळीकडे गेला. आणि जेवायच्या आधी दुवा. दुवा द्यायचा मान ओर्मोशआजोबांचा. गल्लीत सगळ्यात वयस्कर, अर्धे आंधळे, दुवा लांबलचक देण्यात प्रसिद्ध. उमसुनाईने त्यांची खुर्ची सकाळी भिंतीपाशी ठेवली होती. पण भिंतीची सावली त्यांच्यावर सरकली, आजोबांना थंडी वाजली, कुणीतरी प्रेमाने खुर्ची उचलून उन्हात ठेवली. ऊन चराच्या काठावर होतं.

"या रे सगळे," आजोबा म्हणाले. "जवळ या. मला लांबचे दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्याला दुवा कशी लागायची?"

सगळे गेले. जवळ गेले, खांद्याला खांदा लावून, लेकरं कडेवर घेऊन, अगदी काठापर्यंत. खाली जोलचू शेवटच्या टेकूला पाचर मारत होता. त्याने वर बघितलं. शिडी पार दुसऱ्या टोकाला होती. त्याने हातोडा खाली ठेवला, दोघांनी फळी भिंतीला टेकवली, आणि तिघांनी तिथेच, चराच्या तळाशी उभ्या उभ्या, हात समोर धरून तळवे आभाळाकडे उघडले.

उमसुनाई कढईपाशी होती. झाऱ्या हातात. तिने ते सगळं एका नजरेत पाहिलं. काठ, काठावरची अख्खी गल्ली, ठिबकणारं छप्पर, खाली तिघांचे उघडे तळवे. तिच्या नियोजनात यातलं काहीही नव्हतं. ठेकेदाराची माणसं दुवेला गोळा होत नाहीत. तिचं तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला. तिने आयुष्यभरात तो हजारदा उच्चारला होता, गवंड्याला, ड्रायव्हरला, रेक्टरला. आजोबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

दुवा चालू असताना कुणी मधे बोलत नाही. तुटलेली दुवा शापासारखी लागते म्हणतात. कुणी तोडलेली आमच्या गल्लीत तरी ऐकिवात नाही. उमसुनाईने झाऱ्या ठेवला आणि तळवे उघडले.

आजोबांनी गल्लीच्या मेलेल्यांची आठवण काढली, एकेकाची. मग पावसाची, मेंढरांची, शिकणाऱ्या पोरांची. मग नूरगाझीच्या कामाला यश मागितलं, आणि मग, "आमच्या या उमसुनाईच्या हाताखाली कुणाच्या नखालाही धक्का न लागो," असं म्हणून ते थांबले, श्वास घेतला, आणि म्हणाले, "आमीन."

"आमीन," गल्ली म्हणाली, आणि सगळ्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तेवढाच काय तो क्षण, सगळ्यांचे डोळे झाकलेले. आवाज असा झालाच नाही. गोणीतून पीठ ओतताना होतो तेवढा. हात खाली आले तेव्हा काठ तिथे नव्हता. आजोबांची खुर्ची कलंडली होती, चार माणसं गुडघ्यापर्यंत मातीत होती, आणि चर त्या टोकाला भरला होता.

मग उमसुनाई ओरडली. "थांबा! आत उड्या मारू नका, पलीकडची भिंत उघडी आहे, थांबा!" कुणीही थांबलं नाही. सगळे आत उतरले, हातांनी, टोप्यांनी, ताटांनी उकरायला लागले. उरलेली भिंत तशीच उभी राहिली. तिच्या मनात आलं असतं तर ती आणखी दहा जणांना घेऊ शकली असती. तिच्या मनात आलं नाही, एवढंच. उमसुनाईही उतरली. दोघं जिवंत निघाले, एकाचा पाय मोडला होता. जोलचू वाकलेला सापडला, हातोडा उचलायला वाकलेला. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टासुद्धा हनुवटीखाली बांधलेला, तिने सांगितलं होतं तसा.

काम्काला सांगायला वडीलधारी माणसं जमायला लागली. उमसुनाईने कुणाला विचारलं नाही. कुंपणाच्या खिळ्यावरून टोपी काढली, दोन्ही हातांवर धरली आणि चालत गल्लीत आली. काम्का कढईशी बसली होती, शेजारी बोर्सोकचा डोंगर. तिने वर बघितलं. आधी उमसुनाईच्या मातीच्या हातांकडे, मग टोपीकडे. या वेळी हवापाणी काढावं लागलं नाही. काम्काने चुलीतली लाकडं मागे ओढली, तेल जळू नये म्हणून, आणि मगच ओरडली.

नूरगाझी आला आणि खरंच रडला. रिवाजाप्रमाणे काठीवर टेकून, बाहेर पुरुषांच्या रांगेत उभा राहून, मोठ्याने. आपल्या बाराव्यासारखं जे जेवण असतं, त्यासाठी त्याने स्वतःचा घोडा कापायला दिला. उमसुनाई आत बायकांमध्ये, भिंतीकडे तोंड करून बसली. कबर गल्लीतल्या माणसांनी खणली, त्याच पिवळ्या मातीत, विनाटेकू. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे तिथे जाऊन थांबा म्हणायचीही सोय नव्हती.

चौकशीला जिल्ह्याहून एक साहेब आला. तरुण, नम्र, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून जपून चालणारा.

"मयत कुणाचा माणूस?" त्याने विचारलं.

"माझा," उमसुनाई म्हणाली.

"म्हणजे नातेवाईक?"

"शेजारी. मी बोलावला होता. मी कुंपणाच्या आत घेतला. माझ्या नावावर घ्या."

"एजे, तुम्ही काही मालक नाही. त्याला पगार कोण देत होतं?"

"कुणीच नाही. आशर होता."

साहेबाचा चेहरा उजळला. गाठ सुटल्यावर उजळतो तसा. "मग हा कामावरचा अपघात नाहीच. ठेकेदाराचा नाही, संस्थेचा नाही. घरगुती झाला. शिडीवरून पडतात, विहिरीत पडतात, तसा."

"तो साइटवर मेला, बाळा."

"मेला साइटवर, पण साइटचा नव्हता ना."

ती भांडली. रेक्टरकडे गेली, परदेशी मंडळींच्या माणसाकडे गेली. कोकजारमध्ये पहिल्यांदाच एक माणूस स्वतःवर ठपका मागत हिंडत होता आणि कुणी द्यायला तयार नव्हतं. रेक्टरसाहेबांनी तिला चहा पाजला. "उमसुनाई एजे, तुम्ही थकलात. खरं सांगू? तुमचं नियोजन उत्तम निघालं. ठेकेदाराच्या एका माणसाला खरचटलं नाही, एका विद्यार्थ्याला नाही. परदेशी मंडळी खूश आहेत. पुढच्या प्रयोगशाळेलाही हेच वापरा म्हणतायत."

"त्यात एक ओळ घालू द्या," ती म्हणाली. "कुंपणाच्या आत आशर नको."

"असं कसं लिहायचं?" साहेब दुखावलेच. "आशर आपली रीत आहे. उद्या लोक म्हणतील, परदेशी पैशासाठी रीत सोडली."

घाटातला ट्रक त्याच आठवड्यात पोचला. फळ्याच फळ्या. चर परत खणला गेला, दोन्ही भिंती शिस्तीत धरल्या गेल्या, पायवाट बंद झाली. इतकं नेमकं काम कोकजारने आजवर पाहिलं नव्हतं. पोरं वळसा घालून खानावळीत जायची आणि कुरकुरायची. नाझीकचा फोन आता रोज यायचा. सासरे जेवतात, म्हणायची.

शरदात काम्काच्या घरामागची भिंत खचली. दारातला खांब जोलचूनेच बसवलेला. काम्का स्वतः सांगायला आली, हात पुसत. "वहिनी, रविवारी माझ्याकडे आशर आहे. या हं." काम्काने तिला कधी दोष दिला नव्हता. गल्लीत कुणीच दिला नव्हता. नशिबात होतं, म्हणायचे; आणि रस्त्यात भेटले की तिची आधीपेक्षा जास्त विचारपूस करायचे, जशी बरं न होणाऱ्याची करतात.

रविवारी गल्ली आली. मातीच्या विटा रचल्या होत्या, नवी भिंत छातीपर्यंत उठली होती, ओली, टेकूशिवाय. सुरुवातीची दुवा द्यायला ओर्मोशआजोबा त्या भिंतीच्या सावलीत बसले होते. सगळे त्यांच्याभोवती जमले, आणि मग एकेकाचं लक्ष उमसुनाईकडे गेलं. गप्पा थांबल्या.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"एजे आहेत," कुणीतरी हळूच सांगितलं.

सगळे उठले. आजोबांना दोघांनी खुर्चीसकट उचललं, भिंतीपासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, आणि तिथे जाऊन उभे राहिले. मोठ्या अदबीने. लेकरांनाही मागे ओढलं. मग तिच्याकडे पाहिलं, आता ठीक आहे ना, अशा डोळ्यांनी.

उमसुनाईने मान डोलावली. आजोबांनी दुवा दिली, छोटीशी, तिच्यासाठी छोटी केलेली. आमीन झालं. तळवे चेहऱ्यांवरून फिरले.

आणि हात खाली येताच सगळे परत गेले, हसत, एकमेकांना ढकलत, ओल्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी, आणि विटांची साखळी धरली. आजोबांची खुर्चीही मागोमाग सावलीत आली. काम्का चहा घेऊन त्यांच्यातून फिरायला लागली.

उमसुनाई थोडा वेळ अंगणाच्या त्या टोकाला एकटीच उभी राहिली. कुणीतरी साखळीतून हाक मारली, "एजे, इथे एक हात कमी पडतोय!" तिने रुमालाची गाठ घट्ट केली, जाऊन भिंतीखाली त्या जागेवर उभी राहिली आणि हात पुढे केले. पहिली वीट आली. तिने ती घेतली, पुढे दिली. भिंत तिच्या पाठीमागे होती. तिथून ती दिसत नव्हती.